माकडखाऊ उमेदवार

७ जून

आजही निघालो नाही. पिशवी बांधून दारात ठेवली होती. घरधनीण, म्हणजे मुसोंडाची आई, आली आणि त्याच पिशवीवर बसून शेंगा सोलत राहिली. आता बाईच्या बुडाखालून पिशवी कशी ओढणार?

म्हाताऱ्या कबासोच्या घराच्या मागच्या खोलीत दोन रात्री काढायच्या आणि गाडी धरून सीमेपलीकडं काटांगाकडे सटकायचं, असं ठरवून आलो होतो. तेव्हा पाऊस होता. आता जूनची थंडी पडली. मी इथंच! बुलावायोच्या हॉटेलात इतका टिकलो नाही, मासळीच्या ट्रकवर तर नाहीच नाही. पायांना काय झालंय कळत नाही.

म्हातारा सकाळी नळावर आला. सगळी वसाहत बादल्या घेऊन उभी. मी ओरडलो, "बाजूला व्हा, माकडखाऊ आला! शेपटी भिजेल त्याची!" त्यानं चूळ भरली, शांतपणे थुंकला आणि म्हणाला, "कालपासून माझ्या घरातले उंदीर कमी झालेत. कुणी खाल्ले ते मी विचारत नाही." बायका बादल्या टाकून हसल्या.

आम्ही न्गोनी जमातीचे, हे बेम्बा. आजोबांच्या काळी एकमेकांना भाल्यांनी भोसकत होतो, आता सगळं तोंडावर भागतं. न्गोनी माणसानं बेम्बाला माकडखाऊ म्हणावं, बेम्बानं न्गोनीला उंदीरखाऊ, काहीही बोलावं. राग धरायचा नाही. रागावला तो हरला. दुसऱ्या कुणी कबासोला माकड म्हटलं असतं तर खाणीतल्या माणसांनी त्याचे दात हातात दिले असते. इथली युनियन त्यानं उभी केली. आता निवडणुकीला उभा आहे. आपल्यासारख्यांना पहिल्यांदाच मत मिळतंय, आणि हा म्हातारा गव्हर्नरच्या सभागृहात जाऊन बसणार!

(उंदीर मी खातो. शेतातले, भाजून, मीठ लावून. त्यात लाजायचं काय?)

९ जून

खाणीचा भोंगा वाजतो, खाली कुणीच उतरत नाही. संप चालूच. सगळ्यात हाल कोंबड्यांचे. पाळी सुटली की डब्यांतलं उरलंसुरलं मिळायचं त्यांना.

१० जून

वेल्फेअर हॉलपुढच्या मैदानात सभा. माझं काम पत्र्याचा कर्णा घेऊन माणसं गोळा करायची. "या, या! बोलणारं माकड बघा! फुकट!" मैदान भरलं.

म्हातारा फळ्यांवर चढण्याआधी बोटांच्या पेरांनी त्या ठोकून बघतो. कुणाची नवी खोली असो, मोटार असो, चर्चचा बाक असो—आधी टकटक. खाली खाणीत छताला पहार लावून ऐकतात ना, तीच सवय. दगड खणखणीत वाजला तर थांब, भदभद वाजला तर पळ. लुसाकाहून आलेल्या पक्षाच्या लोकांना वाटतं, म्हातारा मंत्र म्हणतोय.

भाषण असं तो करतच नाही. पाळी संपवून पायरीवर बसल्यासारखा बोलतो. "मी खाली उतरलो तेव्हा मिसरूड नव्हतं. साहेबाला माझं नाव जमेना. त्यानं मला जिम केलं. माझ्या उजवीकडचाही जिम, डावीकडचाही जिम. दगड पडला, एक जिम मेला, आणि निरोप माझ्या आईला गेला! ती गावाहून रडत आली, तर मी मक्याच्या न्शिमाचा गोळा हातात घेऊन बसलेलो. आधी तिनं मला मिठी मारली. मग थोबाडीत दिली." माणसं हसून हसून वाकली. तो थांबला. "आणि ज्याचा खरा मेला होता, ती बाई आपल्या घरी शेंगा पेरत होती. त्या दिवशी ठरवलं—मजूर मेलाच तर निदान स्वतःच्या नावानं मरेल."

मी कर्णा तोंडासमोर धरून रडत होतो. मुसोंडानं बघितलं. म्हाताऱ्याची थोरली, दवाखान्यात बाळांची वजनं करते.

"न्गोनी रडतात होय?"

"धूळ गेली."

"कुठली?"

"तुमची. बेम्बांची."

ती हसली नाही. तिचा हातरुमाल मात्र माझ्याकडंच राहिला आहे.

१३ जून

म्हाताऱ्याचे केस कापले. हे मी बुलावायोत शिकलो, एका वेटरकडून, ज्याच्याकडं तीन पायांचं मांजर होतं आणि ते मांजर— असो. केस कापताना तो बोलतो. बंदी होती तेव्हा युनियनच्या बैठका कशा घ्यायचे ते सांगत होता. दारात सोंगट्यांचा पट मांडायचा, बाटल्यांची बुचं सोंगट्या म्हणून. दोघं खेळणार, बाकीचे बघणार. कंपनीचा शिपाई आला की जोरात भांडायचं, "तू दोन घरं चाललास!" एकदा शिपाईच खेळायला बसला. जिंकला. दुसऱ्या आठवड्यात सभासद झाला!

मग खोकला आला त्याला. ओला नाही, कोरडा. आत कुणीतरी खडी चाळतंय असा. मी वस्तरा बाजूला धरून थांबलो.

"काय बघतोस?"

"तुमच्या पोटातलं माकड झाडावरून पडलं वाटतं."

"पडू दे. भूक लागली की चढेल."

१५ जून

लुसाकाहून मोटार आली. चष्मेवाला गृहस्थ, बूट असे की त्यात माझं तोंड दिसलं. मी बाहेर सायकल पुसत होतो. खिडकी उघडी होती, त्यात माझा काय दोष?

चष्मेवाला अदबीनं बोलत होता. "दादा, पक्षाला तुमचा अभिमान आहे. पण गोरे लोक घाबरलेत. खाण बंद, आणि वर निवडणूक! सरकार म्हणेल, ह्यांना राज्य कसं द्यायचं? येत्या रविवारी नाही, त्याच्या पुढच्या रविवारी तुम्ही सभा घ्या. माणसांना सांगा, कामावर जा. तुम्ही सांगितलंत की ऐकतील."

"आणि नाही सांगितलं तर?"

"तर पक्षाला दुसरं नाव बघावं लागेल."

"मी त्यांना काय सांगू? लुसाकानं सांगितलं म्हणून?"

"छे छे! तुम्हालाच तसं वाटतं म्हणून."

टेबलावर बोटांची टकटक ऐकू आली. मग मोटार गेली. म्हातारा दारात आला, टायची गाठ सैल केली आणि मला म्हणाला, "सायकल पुसतोस की तिचं कातडं काढतोस?" पण त्यात जीव नव्हता.

१६ जून

गाडीच्या रुळांपर्यंत जाऊन आलो. तांब्याचे डबे लागलेले नाहीत. नुसतं इंजिन, पुढंमागं करतंय, रिकामं. तासभर बघत उभा राहिलो. मी काय पाहायला गेलो होतो?

१७ जून

 म्हातारा जेवतो—म्हणजे बोटांत गोळा घेतो आणि तसाच ठेवतो. सुरवंटांची भाजी त्याच्या आवडीची, शेंगदाण्याचं कूट घालून. तीही तशीच.

मुसोंडाची आई मला मागच्या अंगणात घेऊन गेली. "तुला माहीत आहे ना सगळं? खिडकीखाली होतास."

"मावशी, मी सायकल—"

"गप. तो माणसांना फसवणार आहे. दोन दिवस आरशासमोर तेच भाषण म्हणतोय. माझ्या मते, मला वाटतं, मी विचार केला. इतक्या वर्षांत ह्या माणसानं कधी 'माझ्या मते' म्हटलं नाही रे!"

"मग सांगा ना तुम्ही."

"मी बोलले की भांडण होतं. चिसुलो, त्याचा जुना सोबती, बोलला तर वसाहतीत म्हणतील, युनियन फुटली. तू बोल. तुझं बोलणं त्याला गिळावंच लागतं."

मी काटांगाला जायला निघालेला माणूस! माझ्या गळ्यात हे कशाला?

१९ जून

आज बोललो. असा पस्तावलो!

चिसुलोकाकाच्या अंगणात नाचणीची बीअर होती. मोठं मडकं, गरम पाणी ओतायचं, बोरूच्या नळ्या घालून सगळ्यांनी मिळून ओढायची. चिसुलोकाका म्हाताऱ्याबरोबरच खाली उतरलेला, ड्रिल धरून धरून हात अजून थरथरतात त्याचे. संपाचा खरा जोर तोच. आजूबाजूला सगळी खालची माणसं. म्हातारा माझ्याशेजारी, नळी तोंडात.

मी उभा राहिलो. म्हटलं, "बेम्बांनो, ऐका! तुमच्या माकडाला लुसाकानं केळं दाखवलंय. रविवारी ते तुम्हाला सांगणार आहे, खाली उतरा, संप मोडा! आणि म्हणणार आहे की हे माझ्याच डोक्यातलं! केळ्याचं नाव काढणार नाही!"

 मग चिसुलोकाकानं मांडीवर थाप मारली. "केळं! अरे हा उंदीरखाऊ एक दिवस मला हसवून मारणार!" आणि सगळं अंगण लोळलं. कुणी माझ्या पाठीत गुद्दा घातला, कुणी नळी माझ्या तोंडात कोंबली. मी म्हणतोय, "खरंच सांगतोय! ऐकलंय मी!" तर आणखी हसताहेत. जितकं कळवळून सांगावं तितकं जास्त! न्गोनी बेम्बाबद्दल खरं बोलेल, हे कुणाच्या डोक्यातच येईना. च्यायला, मला तरी आधी कुठं सुचलं होतं?

म्हातारासुद्धा हसला. सगळ्यांत शेवटपर्यंत तोच हसत होता. मग नळी खाली ठेवून घरी गेला.

२० जून

पहाटे मागच्या खोलीचं दार वाजलं. म्हातारा, अंगावर घोंगडी. माझ्या खाटेवर बसला. (आधी ठोकून बघितली.)

"कुणी सांगितलं तुला बोलायला?"

"कुणी नाही. न्गोनी आहे."

"मला राग आलाय. पण मला राग यायचा नाही ना तुझा."

"नाही यायचा."

"हेच तर झालंय, पोरा." खूप वेळ खोकला. मग म्हणाला, "मला त्या सभागृहात जायचंय. खरंच जायचंय. पक्षासाठी नाही. तिथं गोरा उभा राहून म्हणेल, 'सन्माननीय सभासद' आणि माझं नाव घेईल. पुरं नाव. त्याला ते नीट म्हणावं लागेल. एवढ्यासाठी मी काय काय गिळायला तयार आहे, ते तू काल सगळ्यांना सांगितलंस."

"कुणी ऐकलं नाही माझं."

"मी ऐकलं."

मी काहीतरी शिवी शोधत होतो. तेवढ्यात तो उठून गेला.

२२ जून

पक्षाची तरुण पोरं मला शोधायला आली. मडक्यापाशी मी बोललो ते कुणीतरी पक्षाच्या कानावर घातलं. चार जण, हातात सायकलच्या साखळ्या. मुसोंडानं मला धान्याच्या कणगीत कोंबलं आणि वर सूप ठेवून त्यावर बसली.

"तो न्गोनी कुठं आहे?"

"गेला. फिरता माणूस. उंदरांच्या मागं गेला असेल."

"खोटं बोलू नकोस, बहिणी."

"बघा की घर. पाय पुसून या, आत्ताच सारवलंय."

तेवढ्यात म्हातारा आला. त्या पोरांपुढं उभा राहिला. "तो माझा थट्टेचा माणूस आहे. त्याच्या बोलण्याला हात लावायचा नसतो. तुमच्या आयांनी शिकवलं नाही?" पोरांनी माना खाली घातल्या. एकजण म्हणाला, "म्हणजे ती थट्टाच होती ना, दादा? रविवारी तुम्ही लोकांना तसं सांगाल ना?"

म्हातारा काय म्हणाला ते मला कणगीत ऐकू आलं नाही. 

मुसोंडा नंतर माझ्या केसांतले दाणे वेचत बसली. एकेक. मी हललो नाही.

२४ जून

आज सभेचा रविवार.

मैदान गच्च भरलं होतं. पुढं चष्मेवाला, खुर्चीवर. बाजूला साखळीवाली पोरं. मी कर्णा उचलला, तर म्हाताऱ्यानं तो माझ्या हातातून घेतला आणि खाली ठेवला. फळ्या ठोकल्या. चढला.

"माझा उंदीरखाऊ तुम्हा सगळ्यांना माहीत आहे." हशा. "ह्यानं जन्मात कधी खरं बोललेलं मी ऐकलं नाही." आणखी हशा. चष्मेवालाही हसला. मी मनात म्हटलं, संपलं, थट्टा ठरली आपली. "एकदाच बोलला. चिसुलोच्या मडक्यापाशी."

हशा थांबला. असा थांबला की मागं कुणाचं तरी बाळ दूध ओढत होतं तेही ऐकू आलं.

मग त्यानं सगळं सांगितलं. लुसाकाहून काय निरोप आला, आरशासमोर कुठलं भाषण म्हणून बघितलं, सगळं. चष्मेवाला उभा राहिला, पुन्हा बसला.

चिसुलोकाका मागून ओरडला, "म्हणजे हा उंदीरखाऊ खरं सांगत होता? आणि आम्ही त्याला बीअर पाजली!"

"पाजलीत."

"मग तुझं म्हणणं काय, कबासो? तू सांग, उतरायचं की नाही?"

"माझं म्हणणं, मागणी पदरात पडल्याशिवाय उतरू नका. आणि मला सभागृहातही जायचंय. दोन्ही खरं आहे. एकासाठी दुसरं मी तुमच्यापासून लपवणार होतो."

कुणी टाळी वाजवली नाही. चिसुलोकाका गर्दी कापत पुढं आला, मला वाटलं मारतो आता. त्यानं म्हाताऱ्याचा टाय धरला आणि हळूच सरळ केला. "हे काय दोरखंड बांधलंयस बायकोच्या मदतीविना?" म्हणाला, आणि सगळे एकदम बोलायला लागले. संप चालू ठेवायचा ठरला. हात वर करून.

मुसोंडाच्या आईनं रात्री मला दोन वेळा वाढलं. 

२७ जून

पक्षानं दुसरं नाव दिलं. लुसाकाचे कुणी शाळामास्तर. म्हाताऱ्यानं टाय घडी करून पेटीत ठेवला, पेटीवर बसला, आणि माझ्याकडं सोंगट्यांचा पट मागितला. हरला. मी मुद्दाम हरत होतो तरी तोच हरला!

५ जुलै

संप मिटला. कंपनीनं मागण्यांपैकी बऱ्याच मान्य केल्या, राहिल्या त्यांवर बोलू म्हणाली. भोंगा वाजला आणि माणसं खाली नेणाऱ्या पिंजऱ्याकडं गेली, गात. कोंबड्या दारोदार हजर.

संध्याकाळी मास्तरांची सभा. मैदान भरलं. वसाहतीतली सगळी माणसं आली, बसली—पण पाठ व्यासपीठाकडं आणि तोंड खाणीकडं करून! कुणी शिवी दिली नाही, गोंधळ नाही. बिचारे मास्तर पाठींना भाषण देत होते. चांगलं बोलले, इंग्रजीही छान. म्हातारा एकटाच तोंड पुढं करून बसला होता. त्यानं टाळ्याही वाजवल्या. सभा संपल्यावर मास्तर त्याच्यापाशी आले, "दादा, मला घरी जायचंय. मला ह्यांनी पाठवलं, मी काय करू?" म्हाताऱ्यानं त्यांना जेवायला आणलं. मी त्यांना उंदीर वाढू का म्हणून विचारलं. मुसोंडाच्या आईनं पळी फेकून मारली.

१० जुलै

लुसाकाहून तार! नाव पुन्हा कबासोचं. चष्मेवाला आला नाही, नुसती तार. वसाहतीत रात्रभर ढोल. म्हातारा मधेच उठून परसात जाऊन उभा राहिला. मी मागोमाग गेलो. तो कुजबुजत होता. आपलंच नाव, पुरं नाव, गोऱ्याच्या उच्चारात. मी गुपचूप परत आलो. ह्याची थट्टा करणार नाही. ही एकच.

१२ जुलै

म्हातारा म्हणाला, "निवडून आलो तर लुसाकाला चल माझ्याबरोबर. तिथं सगळे मला साहेब म्हणतील. मोटारीचं दार उघडतील. चार महिन्यांत मला वाटायला लागेल की मी खरंच कुणीतरी आहे. सकाळ-संध्याकाळ मला माकड म्हणणारं कुणीतरी जवळ पाहिजे. पगार देईन."

"पगार घेऊन माकड म्हणायचं? मग ती नोकरी झाली."

"मग फुकट म्हण."

येतो म्हटलं. एका दमात म्हटलं. लुसाका मी पाहिलेलं नाही. म्हणतात, तिथला मोठा रस्ता इतका रुंद की पलीकडच्या माणसाला हाक ऐकू जात नाही.

१३ जुलै

मुसोंडाला सांगितलं. नळावर होती. बादली भरून वाहून गेली तरी ती नळ बंद करीना.

"लुसाकाला जाणार. त्यांच्याबरोबर. थट्टा करायला."

"हो."

"मग तुला माझ्या वडिलांकडं कुणाला पाठवायचं नाही वाटतं."

मला समजायला वेळ लागला. शाळा चौथीत सुटली माझी. समजल्यावर मी तिची बादली उचलली आणि चुकीच्या घरी नेऊन ठेवली.

१४ जुलै

चिसुलोकाकाकडं गेलो. मध्यस्थ तोच होऊ शकतो. त्यानं नीट समजावलं. "मागणीची ताटली मी नेईन. पण विचार कर. ठेवून घेतली तर तू जावई. जावयानं सासऱ्याच्या डोळ्याला डोळा द्यायचा नाही. वाटेत दिसले तर बाजूला बसायचं, मान खाली घालून हलकेच टाळी वाजवायची, तोच नमस्कार. हसणं नाही, जेवणं नाही त्यांच्यासमोर. आणि थट्टा? जीभ कापून दिलेली बरी. दोन्ही नाही मिळायचं, पोरा. एकतर त्याचा न्गोनी, नाहीतर तिचा नवरा."

"पुढं कधी सुटत असेल ना हे?"

"नातवंडं झाली की थोडं. माकड मात्र कधीच नाही."

पिशवी बांधली. सोडली. पुन्हा बांधली. काटांगाची गाडी गेली तेव्हा मी फलाटावर होतो, पिशवी घेऊन. गार्डनं हिरवा झेंडा हलवला, मला वाटलं मलाच हलवतोय. मीही हात हलवला आणि परत आलो.

१६ जुलै

दोन ताटल्या विकत घेतल्या. आत ठेवायला मणी, निळे. दुकानदार म्हणाला, "कुणासाठी?" मी म्हटलं, माकडासाठी—सवय!

१९ जुलै

चिसुलोकाका झाकलेली ताटली घेऊन गेला आणि रिकाम्या हातांनी परत आला. ठेवून घेतली! "ठेवा" असं मुसोंडाच्या वडिलांनीच सांगितलं म्हणे. आधी बराच वेळ खिडकीबाहेर बघत होते.

संध्याकाळी ते वाटेवर समोरून आले. सभेला निघालेले. टाय घट्ट, कोट झाडलेला—आणि एक मोजा काळा, एक तपकिरी. तोंडात सात शिव्या एकदम आल्या. मी वाट सोडून खाली बसलो, मान खाली घातली आणि हलकेच टाळी वाजवली.

ते थांबले. वाट बघत थांबले. मग खोकले, आणि तसेच सभेला गेले.